टाचणात एक रकाना हवाच

डी.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात, लिहून घेतात ती पाठ टाचणं (तासाला काय, कसं शिकवायचं याचा लेखी आराखडा) म्हणजे निव्वळ कागदी घोडे, असं बरेचजण म्हणतात. अर्धं पटतं. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन असे रकाने भरण्यात रात्र जायची आणि वर्गात 'बाई, शूला जाऊ?' सुरू झालं की टाचण टेबलावरच.

पण गणितात मुलं नेमकी कुठे अडतील, हे मी आपणहून लिहायला लागले. तिसरीत ५२ वजा २७ दिलं की बऱ्याच वह्यांत उत्तर ३५. हलगर्जीपणा नाही तो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरं सरळ सातातून दोन काढतात. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन सत्तावीस परत मागितल्या. एकीने रबर काढून गठ्ठा सोडला, तिचं बघून बाकीच्यांनीही. फळ्यावरची मांडणी त्यानंतर. (मार्गदर्शक सरांचा शेरा : 'वर्गनियंत्रण सुधारा'. काड्या जमिनीवर पसरल्या होत्या ना!)

सराव पाठाला (प्रशिक्षणात शाळेत जाऊन घ्यायच्या तासाला) जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी वर्गशिक्षिकेकडून तपासलेल्या वह्या मागून घ्याव्यात. 'संभाव्य चुका' हा रकाना त्यातून आयता भरतो.