मदत हवी आहे : आडव्या उतारावर जिप्सी पेट्रोल ओढत नाही, टाकी कापून पडदे घालावेत का?

उताणं_कासव :
मंडळी, गाडी २००६ ची जिप्सी, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनवाली), १.३ लिटरचं इंजिन. पाऊस ओसरला की महिन्यातून दोनदा पुण्याजवळ मुळशीच्या मागे नाहीतर वेल्ह्याकडे चक्कर असते. रस्त्यावर काही तक्रार नाही. पण डावी चाकं खाली आणि उजवी वर अशी गाडी कलली, आणि टाकीत पाव किंवा त्याहून कमी पेट्रोल असलं, की दहा-पंधरा सेकंदांत झटके खाते आणि बंद. सपाटीवर आणून चावी दोन-तीनदा फिरवली की जसं काही झालंच नाही अशी चालू.

परवा ताम्हिणीच्या अलीकडे खडीच्या उतारावर बंद पडली. इंजिन गेलं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, हे पुस्तकी ज्ञान त्या दिवशी पायाला कळलं. गाडी हातभर सरकली. शेजारी बायको होती. ती चांदणी चौकापर्यंत एक शब्द बोलली नाही. म्हणून हा धागा.

फिल्टर आणि प्लग नवे आहेत. टाकीतला पेट्रोलचा पंप दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात बदलला. तेच गॅरेज आता म्हणतंय, टाकी वरून कापू, आत तीन पडदे, म्हणजे पेट्रोल हिंदकळू नये म्हणून उभे पत्रे, वेल्ड करू, नऊ हजार. करू का? की त्याच कामासाठी टाकीत सरळ फोम भरू? की बाहेर छोटी टाकी लावू?

चिखलगाडा :
सोपा उपाय सांगतो, फुकट आहे. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. आम्ही सगळे तेच करतो.

उताणं_कासव :
अहो दादा, ते मीही करतो. पण तिसऱ्या दिवशी टाकी अर्ध्याच्या खाली जाणारच ना? डोंगरात पंप कुठून आणू?

बेअरिंग :
आधी हिशोब करू, मग कापाकापी. समजा टाकी आडवी ६० सेंमी रुंद, २० सेंमी उंच, चौकोनी. पाव भरली आहे, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत १० लिटर. गाडी ३० अंश कलली की हे सगळं पेट्रोल खालच्या कोपऱ्यात त्रिकोण करून बसतं. तो त्रिकोण जेमतेम ३२ सेंमी रुंद होतो. पंपाची जाळी, म्हणजे पेट्रोल ओढायचं गाळणीवालं तोंड, बरोबर मध्यावर, म्हणजे ३० सेंमीवर असेल, तर तिथे पेट्रोलची खोली फक्त सव्वा सेंमी! २० अंशांना त्याच जागी जवळपास ४ सेंमी मिळते. म्हणजे मध्यावर जाळी असलेली कुठलीही गाडी ३० अंशांना पाव टाकीवर काठावरच असते, आणि जाळी वरच्या बाजूला थोडी सरकलेली असली तर हवाच ओढणार.

आता मुद्दा. पडदे पेट्रोलचं हिंदकळणं कमी करतात. वळणावर, ब्रेक मारताना, खड्ड्यात त्यांचा उपयोग होतो. पण तुम्ही आडव्या उतारावर मिनिटभर रांगताय. पडद्याला खालून वाट असतेच, नाहीतर टाकी पूर्ण रिकामी होणार नाही, आणि त्या वाटेने पेट्रोल सावकाश का होईना, खालच्या बाजूला जाणारच. नऊ हजारात तुम्हाला फक्त थोडा उशीर विकत मिळेल.

एक प्रश्न : उजवी बाजू खाली असताना बंद पडते का?

उताणं_कासव :
नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उजवीकडे याहून जास्त कललोय, कधीच नाही.

बेअरिंग :
मग टाकीच्या आधी पंपाकडे बघा. दोन वर्षांपूर्वी बदलला म्हणताय. त्याआधी हा त्रास होता?

उताणं_कासव :
गाडी घेतली आणि चार महिन्यांत पंप बदलला. आधीचं सांगता येणार नाही.

अर्धापाना :
वेल्डिंगबद्दल माझं ऐकाच. भोसरीला फॅब्रिकेशनमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी, सांध्यांत, गंजाच्या पापुद्र्याखाली बसून राहते. दोनदा धुतली, उन्हात ठेवली, नाकाला वास नाही, तरी आत असते. कोणी सांगेल की दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर आत सोडा. नका सोडू. आमच्याकडे एका पोऱ्याने स्कूटरची टाकी अशीच ‘सुरक्षित’ केली होती. भुवया परत आल्या, पण डाव्या कानाने अजून कमी ऐकतो. टाकी कापायचीच असेल तर वाफेने उकळून, तोंडापर्यंत पाणी किंवा आर्गन भरून, हे रोज करणाऱ्याकडेच. आणि शक्यतो कापू नकाच.

सह्यवेडा :
फोमही नको. जुना झाला की त्याचा भुगा होतो आणि जाळीत जाऊन बसतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनी रबरं आधीच त्याला कंटाळली आहेत. माझ्या जीपमध्ये मी बाहेर दीड लिटरचा उभा डबा बसवला आहे. चालतो. फक्त रिटर्न पाइप, म्हणजे इंजिनाकडून जास्तीचं पेट्रोल परत आणणारी नळी, टाकीत न सोडता डब्यात सोडा.

उताणं_कासव :
रिटर्न डब्यात का? टाकीत गेला तर काय बिघडतं?

बेअरिंग :
हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. आपल्या इंजिनाला रांगताना तासाला चार-पाच लिटर पेट्रोल पुरतं. पण इंजेक्शनचा पंप तासाला ९० लिटरच्या आसपास ढकलतो, उरलेलं सगळं परत येतं. रिटर्न टाकीत सोडला तर अर्ध्या लिटरचा डबा २० सेकंदांत कोरडा. तोच रिटर्न डब्यात सोडला तर डब्यातून फक्त इंजिन पितं तेवढंच कमी होतं आणि तेच अर्धा लिटर सहा मिनिटं पुरतं. डबा उंच आणि अरुंद घ्या, इंजेक्शनच्या पंपाला तळातून घ्या, आणि जास्तीचं परत टाकीत नेणारी नळी डब्याच्या सगळ्यात वरून काढा, म्हणजे हवाही तिथूनच जाईल. पण त्यासाठी टाकीतून डबा भरणारा दुसरा पंप लागतो आणि सगळी जोडणी वाढते. डबा केबिनमध्ये बिलकुल नको.

तुमच्या गाडीला इंजिनापासून परत येणारी नळी आहे का, ते आधी बघा. सगळ्या गाड्यांना नसते.

उताणं_कासव :
आहे. खाली वाकून पाहिलं.

अर्धापाना :
मग बाहेर कशाला? आतच करा. स्टीलचा उंच ग्लास पंपाच्या ब्रॅकेटला बसवायचा, पंप आणि जाळी ग्लासात, रिटर्नचं टोकही ग्लासात. टाकीला वेल्डिंग नाही, आणि ग्लास गळला तरी टाकीतच गळणार. ग्लासाच्या तळाला पेट्रोल आत यायला भोक.

बेअरिंग :
काका, नुसतं भोक नको. ३ मिमीचं भोकही मिनिट-दीड मिनिटात ३०० मिलीचा ग्लास रिकामा करेल. भोकावर आतल्या बाजूने पडणारी झडप हवी. व्हायटॉनचा (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा) तुकडा, साधं ट्यूबचं रबर फुगून बसेल. झडप नीट बसली तर ३०० मिली साडेतीन मिनिटं. आणि ग्लास ब्रॅकेटला धातूने धातू जोडा, प्लॅस्टिकच्या पट्टीने नको. पेट्रोलच्या धारेखाली सुटा लटकणारा धातू म्हणजे स्थिर विजेला आमंत्रण.

अर्धापाना :
मान्य. झडप राहिली लिहायची.

चिखलगाडा :
आरटीओचं बघा हं. आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये चालत नाही.

सह्यवेडा :
टाकीतल्या ग्लासाची नोंद आरसीवर असते का?

(नऊ दिवसांनी)

उताणं_कासव :
टाकी उतरवली. आधी कॉर्कस्क्रूसारखं वळलेलं होज निघालं, ते नाना पेठेतून नवं आणलं, इंजेक्शनच्या दाबाचं. मग पंप बाहेर काढला आणि डोक्यावर हात मारला. जाळी वेगळ्याच गाडीची. आखूड, तळापासून बोटभर वर आणि तोंड पूर्ण उजवीकडे! डावीकडे कललं की कोरडी पडणारच. आणि ज्यांनी ही बसवली तेच मला टाकी कापायला सांगत होते.

योग्य जाळी घातली, तळाला टेकवली. गाडी उघडी होतीच, म्हणून ग्लासही बसवला. झडपेला व्हायटॉन, रिटर्न ग्लासाच्या तळापर्यंत.

काल पाव टाकीवर त्याच उतारावर गेलो. प्रेशर गेज बाहेरून काचेला चिकटवला होता. डावीकडे कलून दोन मिनिटं उभा राहिलो, काटा पावणेतीन बारवर गप्प. नाक खाली आणि डावीकडे, असं दोन्ही एकदम केल्यावर एकदा दोनपर्यंत आला, पण इंजिन बंद पडलं नाही.

आता नवी अडचण. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली उतरतच नाही. ग्लासाची कड फ्लोटच्या (पातळी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या) दांडीला अडते बहुतेक. ग्लास कापून ठेंगणा करू की दांडी वाकवू?

बेअरिंग :
दांडीला हात लावू नका, काटा कायमचा खोटं बोलेल. ग्लास फिरवून बघा, नाही जमलं तर कड दोन सेंमी कापा.

सह्यवेडा :
जुन्या बाजारातून दुसरा अरुंद ग्लास आणा की. बुधवारी किंवा रविवारी जा.

उताणं_कासव :
तिथूनच आणायला हवा होता. हा घरातल्या सहाच्या सेटमधला आहे. काल पाहुणे आले होते, बायको अजून सहावा शोधतेय.