‘डॉक्टर, एक पिवळी लावून द्या’ : उन्हाळ्यातला अशक्तपणा आणि सलाईन

तूरबार (दारव्हा, जि. यवतमाळ)

मे अर्धा सरला की आमच्या भागातल्या छोट्या दवाखान्यांत खाटा पुरत नाहीत. पेशंट बाकड्यावर आडवा, खिडकीच्या गजाला सुतळीनं बाटली बांधलेली आणि त्यात सुईनं सोडलेलं मल्टिव्हिटॅमिन. पाणी पिवळंधमक झालं की पेशंटला निम्मी तरतरी तिथंच येते. नुसती पांढरी लावली तर डॉक्टरनं फसवलं म्हणतात.

बाटलीवर बहुतेक वेळा ‘डीएनएस’ लिहिलेलं असतं. ५०० मिलीच्या त्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. म्हणजे साधारण १०० कॅलरी. एक ज्वारीची भाकर याहून जास्त देते. ज्या माणसाला तोंडानं पिता येतं, उलट्या नाहीत, लघवी होतेय, त्याच्या शिरेत सुई खुपसायची गरजच काय? माझं म्हणणं स्पष्ट आहे : ही सवय आहे, उपचार नाही.

कपाशीवाला

भाऊ, हिशोब बराबर हाये तुमचा, पन वावरात तो चालत नाही. रोहिणी लागली, मृगाच्या आत वखरणी झाली पाह्यजे. धसकटं वेचाले मानसं भेटत नाहीत. पाय गळाले, डोकं भणभणलं त दोन दिवस घरी बसून मीठ-साखरेच्या पुडीचं, म्हंजे ओआरएसचं, पानी पेत राहू काय? दुपारी सलाईन घेतली, संध्याकाळी बैलाले चारा टाकाले मी उभा होतो. फायदा नसता त लोक पैसे कायले देतील? लोक काही येडे नाहीत.

पीएचसीचा डॉक्टर

कपाशीवाले भाऊ, बरं वाटतं हे खरंच आहे, पण कशानं ते बघा. भर दुपारी तुम्ही उन्हातून उठलात, पंख्याखाली दोन तास पडून राहिलात, पोटात नाही पण अंगात अर्धा लिटर पाणी गेलं. हेच घरी ओट्यावर पडून, लिटरभर ताक-पाणी घोट घोट घेऊन झालं असतं. पिवळ्या रंगातलं जास्तीचं व्हिटॅमिन बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

मात्र तूरबार यांनी सगळा दोष दवाखान्यावर टाकलाय, तो मला मान्य नाही. ‘सलाईनची गरज नाही’ म्हटलं की पेशंट उठून शेजारच्या गावात जातो आणि तिथं डिग्री नसलेला माणूस तीच बाटली न तपासता चढवतो. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला भराभर सलाईन दिली तर पाणी फुप्फुसात उतरतं, दम लागतो. सुईच्या जागी पू होतो तो वेगळाच.

आणि एक गोष्ट सलाईनच्या वादात मागे पडते. ऊन लागून माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोक जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. तिथं बाटली शोधत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. थंड करणं आधी, गाडी येईपर्यंत चालूच ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी या तापावर चालत नाही.

गडचिरोलीकर

डॉक्टर, आमच्याकडची एक बाजू राहिली. इथं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट घरोघरी नसले तरी गावोगावी आहेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून जंगलात, पाणी कमी पडलं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं अशी दुखतात की माणूस लोळतो. त्यात उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस पोटात टिकतच नाही. माझ्या भाच्याला दोनदा सलाईननंच सावरलं. ‘सवय आहे’ असं सरसकट लिहिलं की वाचणारा अशा पोरालाही घरीच ठेवेल.

तूरबार

उलट्या होत असतील, पिता येत नसेल तर सलाईन हवीच. वर तेच लिहिलंय, नीट वाचा.

आशा कार्यकर्ती, वर्धा जिल्हा

माझ्या पिशवीत ओआरएसच्या पुड्या असतात. ‘फुकटची पुडी’ म्हणून लोक मांडणीवर ठेवतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्यावर कितीतरी लोक वाचवले. ते गावात सांगितलं की लोक ऐकतात, आणि पुडी तशीच राहते.

पुडी एक लिटर पाण्यातच मिसळायची. ग्लासात अर्धी टाकून अंदाजानं नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातल्या गोड पाकिटांवर ‘ओआरएस’ छापून विकत होते, ते २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बंद करायला सांगितलं. तरी जुनी पाकिटं हातात आली तर मागची बाजू वाचा.

सुगरणबाई

सगळे बाटलीत काय आहे त्यावर भांडताय, बाटली कोणाला लागते ते कोणी बघत नाही. आमच्या गावात सलाईन घेणाऱ्यांत निम्म्या बाया असतात. सकाळी स्वयंपाक, दिवसभर वावर, परत आली की चूल. ‘मला थकवा आलाय, दोन तास पडते’ असं म्हटलं तर सासू तोंडाकडे पाहते. पण हाताला पट्टी चिकटली की तीच सासू चहा आणून देते, नवरा भांडे घासतो. शहाणपण शिकवता, मग त्या दोन तासांची सोय कोण करणार?

आणि रक्त कमी असतं ते वेगळंच. हिमोग्लोबिन तपासायला कोणी सांगत नाही, पिवळी लावून घरी पाठवतात. पुढच्या महिन्यात बाई परत तिथंच.

पीएचसीचा डॉक्टर

ताईंचं बरोबर आहे. वारंवार अशक्तपणा येत असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि साखर तपासा. ती सोय सरकारी केंद्रात आहे. अजून एक : बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ओआरएस सरबतासारखं रोज पिऊ नये, त्यात मीठ आहे. साधं पाणी, पन्हं, कमी मिठाचं ताक चालेल.

कपाशीवाला

सुगरणबाई बोलल्या ते पटलं. माही बायको मागच्या आठवड्यात सलाईन घेऊन आली त म्या घासले भांडे, खोटं कायले बोलू. पन सलाईन सोडली असं मी लिहून देनार नाही. आशाताई, तुमच्या पुड्या आमच्या उपकेंद्रात भेटत नाहीत, ते पाहा अगोदर.

आशा कार्यकर्ती, वर्धा जिल्हा

तुमचा जिल्हा वेगळा आहे भाऊ. तरी तुमच्या गावच्या आशाताईला मागा, बऱ्याचदा साठा तिच्या घरी असतो, उपकेंद्राला कुलूप असलं तरी.