बाबांना लकवा, रोबोटवाल्या फिजिओचं पॅकेज घ्यावं का? (नागपूर)

मानेवाड्याची_पोरगी:
नमस्कार, बाबांना (वय 64) 11 दिवसांआधी लकव्याचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, बोलणं जड आहे पण समजते सगळं. परवा सुट्टी झाली. धंतोलीतले एक सेंटरवाले म्हणून राहिले की रोबोटवर चालवू, लवकर उभे होतील. पॅकेज महाग आहे, आई म्हणते सोनं मोडू पण करू, दादा म्हणते मशीन काय करणार, साधा फिजिओवाला घरी बोलवू. आणि कोणीतरी म्हटलं पहिल्या दिवसापासूनच चालवायला पाहिजे होतं, तेव्हापासून झोप नाही लागत, आम्ही 11 दिवस वाया घालवले का? कोणी केलं असेल तर सांगा न.

न्यूरोफिजिओ_नागपूर:
ताई, वाया घालवल्याचं आधी मनातून काढा. अव्हर्ट नावाचा मोठा अभ्यास 2015 ला लॅन्सेटमध्ये आला, 2104 पेशंट होते, त्यात 24 तासांच्या आत खूप जास्त उठवलं-चालवलं त्यांचे निकाल तीन महिन्यांनी उलट कमी चांगले निघाले. आता मात्र सुरू कराच. मशीनमध्ये पट्ट्यांनी अंग वरून उचलून धरतात, खाली ट्रेडमिल असते आणि पाय मशीन हलवते, म्हणजे हाताने धरून चालवताना दोन माणसं लागतात अन् थोड्या पावलांतच पेशंट थकते, इथे शेकडो पावलं होतात आणि मेंदूला परत शिकायला तेच लागते. ज्यांना स्वतः चालता येत नाही आणि झटक्याला तीन महिने झाले नाहीत त्यांना याचा जास्त फायदा दिसला आहे, पण फिजिओच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही. हाताच्या रोबोटचं तसं नाही, ब्रिटनमध्ये 770 पेशंटवर ट्रायल झाली, 2019 ला छापून आली, नेहमीच्या उपचारापेक्षा हाताचं काम सुधारलं नाही. पॅकेजमध्ये ते जोडलं असेल तर काढायला सांगा, हातासाठी आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ऑक्युपेशनल थेरपीत (जिथे जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं परत शिकवतात) दाखवा.

आईसाठी_धावपळ:
माझ्या आईचं मागच्या वर्षी केलं. मशीनवर चांगली चालायची पण घरी उंबरठा ओलांडता येईना, कारण तिकडे वजन मशीन उचलत होतं न. मग फिजिओ मॅडमनी घरातच खुर्चीवरून उठणं, संडासपर्यंत जाणं रोज करून घेतलं तेव्हा फरक पडला. म्हणून सगळे पैसे मशीनमध्ये नका टाकू, थोडे सेशन घ्या आणि घरचा फिजिओ चालूच ठेवा. अजून एक, आम्ही तिला लुळ्या हाताला धरून ओढून उठवायचो, खांदा इतका दुखायला लागला की व्यायामच बंद पडला, ही चूक तुम्ही नका करू. सेशनच्या आधी बीपी मोजतात का तेही बघा, आणि ऊन फार आहे, सकाळचीच वेळ मागा.

मानेवाड्याची_पोरगी:
खूप आधार वाटला. दादाला दोन्ही वाचून दाखवले, हाताचं मशीन पॅकेजमध्ये आहेच, उद्या काढायला सांगते. आज बाबा पलंगाच्या कडेला धरून दहा मिनिटं बसले. पण खांद्याचं वाचून भीती वाटली, आम्ही पण तसंच ओढतो. मग उठवायचं कसं?

न्यूरोफिजिओ_नागपूर:
कमरेला रुंद पट्टा बांधा, तो धरा. पाय जमिनीला टेकलेले, बाबा पुढे वाकले की मगच उठवा. लुळा हात उशीवर ठेवत जा, लटकू देऊ नका.