प्रतिसाद: भाचीसाठी युकुलेली

दहा वर्षांच्या भाचीला गिफ्ट द्यायला कोणती युकुलेली (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) घ्यावी विचारताय आणि वर सगळे २१ इंची सोप्रानो हा छोटा साइज सुचवतायत, पण मी त्याहून एक साइज मोठी, २३ इंची कॉन्सर्ट घेईन. फ्रेटमध्ये, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या मधे, बोटांना जरा जास्त जागा मिळते आणि वर्षभरात लहानही वाटत नाही. दुकानात पहिल्या फ्रेटवर तार दाबून बघा. तिथेच जोर लागत असेल तर ठेवून द्या, पोरगी आठवड्यात कंटाळेल. रंगीत, कार्टूनवाली तर नकोच, ती खेळणी!

सोबत क्लिपवाला ट्यूनर (सूर बरोबर लागलाय का ते दाखवणारं यंत्र) हवाच. नव्या नायलॉनच्या तारा सुरुवातीला ताणत राहतात, सूर सारखा उतरतो. माझ्या लेकाने दुसऱ्याच दिवशी 'बिघडली' म्हणून कपाटावर टाकली होती. तेव्हा चार दिवस आधीच आणून चारही तारा जी-सी-ई-ए या सुरांत लावत राहा, मग गिफ्ट पॅक करा.