नुसत्या टक्केवारीने साठा निघत नाही

गाळातल्या सेंद्रिय कार्बनची टक्केवारी कळली की खारदलदलीतला (भरतीचं खारं पाणी येतं त्या किनारी दलदलीतला) कार्बनचा साठा कळला, असं कुणी कुणी म्हणतं. इतकं सोपं नाही. तिला कोरड्या गाळाच्या घनतेने आणि थराच्या जाडीने गुणावं लागतं, आणि घोळ होतो तो घनतेतच. नमुना घ्यायला चिखलात नळी ठोकतात, तेव्हा आतला चिखल दबतो. म्हणून नळीच्या वरच्या काठापासून चिखलापर्यंतचं अंतर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे मोजायचं. जो फरक येईल तेवढा गाळ दबला. शिंपल्यांचा चुरा असेल तर आधी आम्लाने कार्बोनेट काढा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

दरवर्षी या साठ्यात भर किती पडते हा प्रश्न वेगळाच. त्याला थरांचं वय लागतं: त्यासाठी किरणोत्सारी शिसे-२१० मोजतात (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षं), नाहीतर अणुचाचण्यांमुळे १९६३च्या आसपासच्या थरात सापडणारं जास्तीचं किरणोत्सारी सीझियम-१३७.