किंगपिन (१९९९) नव्या लॅपटॉपवर चालू होईना

मांजराकाठ, लातूर
'किंगपिन: लाइफ ऑफ क्राइम' या गुंडांच्या टोळ्यांवरच्या गोळीबाराच्या गेमची मूळ आवृत्ती टाकलीय, १.२१ पॅचसकट (कंपनीची दुरुस्ती). लॅपटॉपवर उघडला की काळी स्क्रीन येऊन लगेच बंद पडायलाय. जुन्या पीसीवर चालतो, पण माणसं आडवी पसरलेली दिसायलीत, अन् लाइट गेली की केलेल्या सेटिंग जातात. शिवाय पहिल्याच गल्लीत जो दिसंल तो अंगावर यायलाय. हे काऊन?

गोदाकाठ, नांदेड
पॅच बरोबर आहे. किंगपिन क्वेक २ या गेमच्या इंजिनवर (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) बनलाय. हे इंजिन सुरू होताना ग्राफिक्स ड्रायव्हरकडून ओपनजीएल (चित्र काढायची प्रणाली) एक्स्टेन्शनची, म्हणजे तिच्या जादा सोयींची, यादी मागतं आणि ४०९६ अक्षरांच्या बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक जागेत) छापायला जातं. आजची यादी त्यात मावत नाही, बफर ओसंडतो आणि गेम पडतो. उपाय: क्विंडीजीएल (QindieGL) नावाच्या रॅपरची, म्हणजे गेम आणि ड्रायव्हरच्या मधे बसणाऱ्या प्रोग्रामची, ओपनजीएल डीएलएल (opengl32.dll फाइल) थेट गेमच्या एक्सइ फाइलशेजारी ठेवा. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात अजिबात टाकू नका, बाकीचे प्रोग्राम बिघडतील.

पूर्णामाई, परभणी
ताणलेल्या चित्राचं: ४:३ रिझोल्यूशन रुंद मॉनिटरवर पसरलंय. ग्राफिक्स पॅनेलमध्ये स्केलिंग 'आस्पेक्ट रेशो' करा, एफओव्ही (नजरेचा कोन) ९० च ठेवा. १६:९ मोड मिळत असेल तरच कन्सोलमध्ये (गेममधल्या कमांड लिहायच्या खिडकीत) एफओव्ही १०६ द्या. इंजिन आडवा कोन धरून उभा काढतं, त्यामुळं रुंद मोडात ९० ठेवलं तर वरखाली चित्र कापलं जातं.

सेटिंग पुसतात कारण कॉन्फिग फाइल गेम नीट बंद केल्यावरच लिहिली जाते. लाइट गेली की ती लिहायची राहते. गेमच्या 'main' नावाच्या फोल्डरात autoexec.cfg नावाची फाइल करून आपल्या सेटिंगच्या ओळी त्यात इंग्रजी अक्षरांत टाका, दरवेळी आपोआप लागतील. नोटपॅड नावामागं .txt जोडतं, ते तेवढं काढा.

गोदाकाठ, नांदेड
गल्लीतल्या मारामारीचं कारण हातातला पाइप, दादा. हत्यार बाहेर दिसलं की लोक बिथरतात. कंट्रोल्समध्ये हत्यार म्यान करायची की सोयीच्या जागी घ्या. चांगलं बोलायची आणि वाकडं बोलायची की वेगवेगळी आहे, त्या दोन्ही बोटाखाली हव्यात. नुसता गोळीबार करत निघालात तर कामाची माहिती देणारा माणूसच मरतो. मग मागचा सेव्ह काढण्याशिवाय इलाज नाही, म्हणून कुणाशीही बोलण्याआधी वेगळ्या नावानं सेव्ह करा. पैसे सगळे दुकानातल्या बंदुकीवर उडवू नका. भाड्यानं घेतलेला एक गुंड सुरुवातीला जास्त कामाला येतो, गोळ्या तो खातो.

मांजराकाठ, लातूर
डीएलएल टाकल्यावर चालू झाला, धन्यवाद! घरात पुतण्या नववीत आहे, त्याला खेळू द्यावा का?

पूर्णामाई, परभणी
नाही. अमेरिकेत याला 'एम' रेटिंग आहे, म्हणजे १७ वर्षांपुढं. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला आणि त्यानंतर दोनेक महिन्यांतच हा बाजारात आला, त्यामुळं तिथं विरोध पेटला होता. वेळ वाईट होती हे खरं, पण शरीराच्या ज्या भागाला मार लागेल तिथंच जखम दिसते आणि शिव्या अखंड चालतात, हेही तितकंच खरं. हेडफोन लावूनच खेळा.