मदत हवी आहे: श्रीमंत-गरीब देशांतली दरी कोणत्या आकड्याने दाखवू?

१९९० पासून आजपर्यंतची दरी एकाच आलेखात मांडायची आहे. वाचक अर्थशास्त्राचे नाहीत आणि आकडे फुकट मिळणारेच हवेत.

जागतिक बँकेचे दरडोई जीडीपी घेऊन पाहिले. बाजारातल्या विनिमय दराने लक्झेंबर्ग आणि बुरुंडीतलं अंतर शेकडो पटींचं, पीपीपीने (म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक धरून) बरंच कमी. कारण कळतं: केस कापण्यासारखी सेवा गरीब देशात स्वस्त पडते. पण डॉलरमधलं कर्ज किंवा आयात केलेलं औषध तर बाजारदरानेच फेडावं लागतं ना!

वरची टोकंही फसवी. लक्झेंबर्गमध्ये जवळपास निम्मे कामगार रोज शेजारच्या देशांतून येतात. ते जीडीपीत धरले जातात, लोकसंख्येत नाही. आयर्लंडचा जीडीपी २०१५ मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास वाढला, तोही मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबामुळे. म्हणून हे दोन्ही वगळलेत. जीडीपी म्हणजे संपत्ती नव्हे हेही माहीत आहे, आलेखाखाली तशी टीप देणार आहे. देशांतर्गत विषमता या वेळी नको.

आता अडलंय ते इथे: लोकसंख्येचा भार दिला (म्हणजे जास्त लोकसंख्येच्या देशाला जास्त वजन) की चीन-भारतामुळे दरी आटताना दिसते, न दिला तर चित्र वेगळंच. एकच रेषा काढायची तर पीपीपी की बाजारदर, आणि भार द्यायचा की नाही?